हायकू ओएसवर वाचनालयाची सूची करायचीय, डेटाबेस कुठला घ्यावा?

सुतारपक्षी
नमस्कार मंडळी. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय आहे, साधारण नऊ-दहा हजार पुस्तकं, सगळी दाखल नोंदवहीत हाताने लिहिलेली. कुणीतरी एक जुना नेटबुक दिलाय, १ जीबी रॅम, बॅटरी मेलेली. त्याच्यावर विंडोज चालेना म्हणून मी हायकू टाकलं (जुन्या बीओएसच्या धर्तीवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), बीटा ५, ३२ बिटवालं. ग्रंथपाल बाई खूश आहेत कारण बटण दाबलं की पटकन सुरू होतं आणि अपडेटसाठी मध्येच थांबवत नाही.

आता सूची आणि देवघेवीचा प्रोग्राम मी लिहितोय, सी प्लस प्लसमध्ये, क्यूट (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून. क्यूट एवढ्यासाठी की हायकूच्या स्वतःच्या खिडक्यांमध्ये आपली जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, क्यूटमध्ये जुळतात. प्रश्न फक्त डेटा कुठे ठेवायचा हा आहे. हायकूच्या फाइल सिस्टिममध्येच अ‍ॅट्रिब्यूट (फाइलला चिकटवलेले गुणधर्म) आणि क्वेरी (त्यांवरून शोध) आहेत, ते वापरावं का? की एसक्यूएलाइट, म्हणजे एकाच फाइलमधला डेटाबेस? की पोस्टग्रेस वगैरे सर्व्हरवालं मोठं काही? की बर्कली डीबी, एलएमडीबी असलं किल्ली-किंमत टाइपचं? एकाच वेळी एकच माणूस वापरणार, वीज दिवसातून एकदा तरी जातेच, आणि माझ्यानंतर हे कोण बघेल माहीत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

"लिनक्स टाका" हे उत्तर नको प्लीज.

हापूसचोर
लिनक्स टाका.
(कोणीतरी म्हणणारच होतं, मी म्हणून मोकळा झालो 😄 आता बाकीच्यांनी मुद्द्यावर बोलावं.)

वेताळटेकडी
सुतारपक्षी भाऊ, हायकू घेतलंय आणि त्याची फाइल सिस्टिम बीएफएस सोडून दुसरीकडे कशाला जाताय? ही सिस्टिम मुळात ह्याच कामासाठी घडवलीय राव. थोडा इतिहास सांगतो, नव्या लोकांना कळेल.

बी कंपनी १९९० मध्ये अ‍ॅपल सोडलेल्या जाँ-लुई गासे यांनी काढली. तिच्या बीओएस ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये फाइल सिस्टिम वेगळी आणि तिच्या बाजूला एक डेटाबेस वेगळा असा प्रकार होता. दोघांचा ताळमेळ सुटायचा, फाइल एक सांगायची आणि डेटाबेस दुसरंच, शिवाय हळू चालायचं. मग १९९६ मध्ये डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल म्यूरिलॉन बसले आणि नवीन फाइल सिस्टिम लिहिली, तीच बीएफएस. तिच्यात प्रत्येक फाइलला वाट्टेल तेवढे गुणधर्म चिकटवता येतात, त्यांच्यावर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) बांधता येतो, आणि क्वेरी लावून ठेवली की नवीन फाइल आली की यादीत आपोआप दिसते. विचारावं लागत नाही, सिस्टिमच कळवते. हायकूने तीच फाइल सिस्टिम नव्याने लिहून काढलीय. जाम्पाओलो पुढे अ‍ॅपलमध्ये गेले आणि तिथे स्पॉटलाइटवर काम केलं, म्हणजे मॅकवाले आज जे वापरतात त्याची मुळं इथे आहेत.

तुमच्या कामाला कसं बसेल बघा. प्रत्येक पुस्तकाची एक छोटी फाइल. तिला लेखक, दाखल क्रमांक, विषय, कपाट हे गुणधर्म. ट्रॅकरची (हायकूचा फाइली दाखवणारा प्रोग्राम) खिडकी उघडली की तेच स्तंभ म्हणून दिसतात, क्लिक केलं की लेखकावार क्रम लागतो. प्रोग्राम लिहायचीसुद्धा गरज नाही! हायकूमध्ये ईमेल असाच साठवतात, पत्ता-यादीतली माणसंही तशीच, एक माणूस एक फाइल.

टकमक
वेताळटेकडी, भारी माहिती. आणि किती विचित्र बघा, १९९६ मध्ये अ‍ॅपल बी कंपनी विकत घ्यायच्या बेतात होतं, पैशावरून फिसकटलं आणि त्यांनी स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट कंपनी घेतली, त्याबरोबर जॉब्स परत आले. बी शेवटी २००१ मध्ये पामने १.१ कोटी डॉलरला घेतली. आणि त्याच साली हौशी लोकांनी ओपनबीओएस नावाने काम सुरू केलं, २००४ मध्ये त्याचं हायकू झालं. एवढी वर्षं लोक स्वतःच्या वेळात एक अख्खी ओएस लिहितायत, मला तर हे फार मोठं वाटतं.

पाणचक्की
इतिहास छान आहे पण वाचनालयाला बीएफएसचे गुणधर्म हा मुख्य साठा म्हणून देऊ नका अशी माझी कळकळीची विनंती. मी हायकू वापरते, मला ती फाइल सिस्टिम आवडते, म्हणूनच सांगतेय.

पहिलं म्हणजे गुणधर्म त्या डिस्कवरच राहतात. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट फॉरमॅटचा असतो, त्याच्यावर फाइल टाकली की नाव जातं, आतला मजकूर जातो, गुणधर्म गळतात. आणि तुमच्या फाइलमध्ये मजकूर काहीच नाही, सगळा जीव गुणधर्मांत आहे. म्हणजे बाईंनी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला तर दहा हजार रिकाम्या फाइली कॉपी होतील, आणि कुठलीही एरर न दिसता होतील.

दुसरं, इंडेक्स आधी बांधावा लागतो. आधी पुस्तकं भरली आणि नंतर इंडेक्स केला तर जुन्या फाइली त्यात आपोआप येत नाहीत, परत इंडेक्समध्ये घालायची वेगळी कमांड चालवावी लागते. तुम्हाला माहीत आहे, तुमच्यानंतरच्या माणसाला असेल?

तिसरं, आणि ह्याला उत्तर नाही, देवघेव. पुस्तक दिलं म्हणजे पुस्तकाची नोंद बदलते, सभासदाची बदलते, देवघेवीत एक ओळ वाढते. तिन्ही एकत्र व्हायला पाहिजेत नाहीतर एकही नको. बीएफएसचा जर्नल (बदलांची नोंद) हा फाइल सिस्टिमचा स्वतःचा सांगाडा मोडू नये म्हणून आहे, तुमच्या तीन फाइलींचा हिशोब तो सांभाळत नाही. मध्ये वीज गेली तर पुस्तक सभासदाकडे गेलंय पण सभासदाच्या नावावर काहीच नाही असं होऊ शकतं. दोन यादींची सांगड घालणारी क्वेरीही तिथे नाही. एका पुस्तकाचे दोन लेखक असले तर? एका गुणधर्माला किंमत एकच, मग स्वल्पविराम देऊन कोंबायचं.

एसक्यूएलाइट घ्या.

वेताळटेकडी
पाणचक्कीताई, हायकूवर झिप केलं तर झिपमध्ये गुणधर्म टिकतात हो. तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

पाणचक्की
टिकतात, खरंय. पण ते झिप विंडोजवर उघडून परत बांधलं की गेले. टारमध्ये नाही राहत, गिटमध्ये नाही राहत. आणि उद्या हा नेटबुक बंदच पडला तर? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, लिनक्समध्ये बीएफएसचा ड्रायव्हर आहे तो फक्त वाचण्यापुरता, त्यातून फाइली वाचता येतील पण गुणधर्म मिळतील ह्याची खात्री नाही. गावात हे कोण करणार?

शून्यप्रहर
मी रोज पोस्टग्रेसवर काम करतो, मला बाकी काही डेटाबेस वाटतच नाहीत. दोन वाचनालयांनी पुढे एकत्र यायचं ठरवलं तर? आत्ताच नीट पाया घाला.

पाणचक्की
शून्यप्रहर, पोस्टग्रेस उत्तमच आहे. पण ह्या ओएससाठी त्यांचा अनुभव बघा. पूर्वी पोस्टग्रेसमध्ये बीओएसचा पोर्ट (त्या ओएसवर चालणारं रूप) अधिकृतपणे होता. ८.२ आवृत्तीत, २००६ साली, तो काढून टाकला, क्यूएनएक्स ह्या दुसऱ्या ओएसचाही त्याच वेळी. सांभाळायला माणूस नाही म्हटल्यावर कुठलाही मोठा प्रकल्प हेच करणार, त्यांचं काही चुकलं नाही. पोस्टग्रेस ओएसकडून खूप काही मागतं, प्रत्येक जोडणीला एक वेगळी प्रोसेस, सामायिक मेमरी, सेमाफोर, आणि कायम चालू राहणारा सर्व्हर. त्यातलं एक जरी ह्या ओएसवर अर्धवट असलं तरी ते दुरुस्त करायची जबाबदारी सुतारपक्षींवर येणार.

छोट्या ओएसवर डेटाबेस निवडताना मी "काय काय करू शकतो" हे नंतर बघते. आधी बघते की हा ओएसकडून किती कमी मागतो, आणि त्या ओएसवर आणखी कोण कोण त्याच्यावर अवलंबून आहे. एसक्यूएलाइटला फाइल वाचणं, लिहिणं, लॉक करणं आणि लिहिलेलं खरोखर डिस्कवर ढकलणं एवढंच पाहिजे. तेही एका वेगळ्या थरातून मागतं, व्हीएफएस म्हणतात त्याला, नवीन ओएसवर तो थर बदलला की झालं. आणि हायकूवर ते नुसतं एका हौशी माणसाचं पोर्ट म्हणून पडलेलं नाही, वेबकिट (ब्राउजरचं इंजिन) स्वतः एसक्यूएलाइट वापरतं, पायथनचं मॉड्यूल वापरतं, क्यूटचा ड्रायव्हर आहे. बिघडलं तर पहिल्या दिवशी ब्राउजरवाले ओरडतील आणि दुरुस्त होईल. तुमच्या वाचनालयाच्या आधी.

हापूसचोर
+१. गर्दीच्या एसटीत बसा, बंद पडली तर ढकलायला माणसं असतात.

शून्यप्रहर
हे पटलं. एकाच टेबलावर एकच माणूस असेल तर सर्व्हर नको, मान्य.

कडीपत्ता
मी ग्रंथालयात नोकरी केलीय म्हणून सांगते, तांत्रिक तुमचं तुम्ही बघा. दाखल नोंदवही कागदावरची बंद करू नका. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालय असलं, अ ब क ड कुठल्याही वर्गाचं, तर तपासणीला माणूस येतो आणि तो आधी वही मागतो. कॉम्प्युटरवरची सूची वाचकांसाठी आणि देवघेवीसाठी. आणि दाखल क्रमांक हाच सगळ्याचा आधार ठेवा, पुस्तक गहाळ झालं, रद्द केलं, तरी तो क्रमांक परत दुसऱ्या पुस्तकाला जाता कामा नये. प्रोग्राम करणारी मुलं हे हमखास विसरतात, पुस्तक "डिलीट" करतात. पुस्तक डिलीट होत नसतं, बाद होतं, आणि का बाद झालं ते लिहायचं असतं.

बाकी मला विचाराल तर टॅब टाकून वेगळे केलेले रकाने असलेली साधी टेक्स्ट फाइल का नको? कुठेही उघडते.

सुतारपक्षी
कडीपत्ताताई, दाखल क्रमांकाचं सोन्यासारखं सांगितलंत, "स्थिती" नावाचा रकाना घालतो आणि डिलीटचं बटणच ठेवत नाही. टेक्स्ट फाइल मुख्य साठा म्हणून नको वाटते कारण एक ओळ बदलायला अख्खी फाइल परत लिहायची आणि त्यात वीज गेली तर... पण दर आठवड्याला टेक्स्ट फाइल काढून ठेवायची हे नक्की करणार.

रानजाई
विषय थोडा भरकटवते. एसक्यूएलाइटचा जन्म कसा झाला माहितेय का? रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या क्षेपणास्त्र विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथे इन्फॉर्मिक्स डेटाबेसचा सर्व्हर होता आणि तो बंद असला की प्रोग्राम नुसता "डेटाबेसला जोडता येत नाही" म्हणून बसायचा. बोलणी मात्र प्रोग्रामवाल्यांना. म्हणून त्यांना वाटलं की डिस्कवरची फाइल थेट वाचता आली तर मध्ये सर्व्हर लागतोच कशाला. २००० साली पहिली आवृत्ती आली. सोर्स कोणाच्याच मालकीचा नाही, सार्वजनिक केलाय. बर्कली डीबीचं उलट झालं, कंपनी २००६ मध्ये ओरॅकलने घेतली आणि २०१३ पासून लायसन्स बदललं, तेव्हा बऱ्याच लोकांनी ते काढून टाकलं. म्हणून तो पर्याय आत्ताच खोडा.

आणि तुमच्या "माझ्यानंतर कोण" ह्या मुद्द्यावर, एसक्यूएलाइटच्या फाइलचा फॉरमॅट २००४ च्या ३.० आवृत्तीपासून मागे सुसंगत आहे आणि २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी जाहीर लिहिलंय. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस डेटासेट जतन करायला ज्या फॉरमॅटची शिफारस करते त्यात हा आहे. एक वाचनालय दुसऱ्या वाचनालयाला सांगतंय असं समजा. नेटबुक मेला तर ती एक फाइल कुठल्याही लॅपटॉपवर, अगदी फोनवरही उघडेल.

मोडीवाला
मंडळी, सगळे इंजिनावर बोलताय, पण मराठी पुस्तकं आहेत हे कोणी बोलेना. खरा त्रास तिथे आहे, आणि कुठलंही इंजिन घेतलं तरी आहे.

शोध आधी घ्या. एसक्यूएलाइटमध्ये एफटीएस५ नावाचा मजकूर-शोध आहे, लोक डोळे झाकून चालू करतात. त्याचा नेहमीचा तोडणारा (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या युनिकोडमध्ये वेगळ्या वर्गात आहेत, "चिन्ह" म्हणून, त्यामुळे प्रत्येक मात्रेला शब्द तुटतो. "काळ" चे क आणि ळ असे दोन तुकडे होतात. "कोळी" चेही तेच, "केळी" चेही तेच. म्हणजे वाचकाने "काळ" शोधलं की कोळी, केळी, कुळ सगळे हजर! हिंदी, मराठी, सगळ्यांना हा त्रास. उपाय आहे, टेबल बनवतानाच तोडणाऱ्याला सांगायचं की एमएन आणि एमसी हे वर्ग पण शब्दात धर. तीन-तीन अक्षरांचा ट्रायग्रॅम तोडणाराही आहे २०२० पासून, पण त्यात तीनपेक्षा कमी खुणांचा शब्द मिळतच नाही. "आई" ह्या दोनच खुणा आहेत. मराठी वाचनालयात "आई" शोधता आलं नाही तर काय उपयोग?

दुसरं, एकच शब्द दोन प्रकारे टाइप होतो. "दऱ्या" मधला अर्धा र काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ घेऊन लिहितात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक घालून. दिसायला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे. कोणी हुशारी करून तो न दिसणारा जोडक सरसकट पुसतो, मग दऱ्याचं "दर्या" होतं, डोंगरातून थेट समुद्रात! म्हणून पुसायचा नाही, दुसऱ्या रूपात बदलायचा. तसंच "ॲ", एक अख्खं अक्षर म्हणूनही आहे आणि अ वर चंद्र देऊनही. युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरण हे दोन्ही प्रकार जोडत नाही, आपला आपल्याला नियम लिहावा लागतो. भरताना एकदा आणि शोधताना एकदा, तोच नियम.

बिट्टूची_आई
मोडीवाला, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. ऑफिसात ह्याच्यावरून आम्ही डोकं फोडून घेतो. क्रमवारीचं पण लिहा ना, ळ चं काय होतं?

मोडीवाला
लिहितो ताई. एसक्यूएलाइट काही न सांगता युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे क्रम लावतं. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी आहे. आपल्याकडे तो ह नंतर. "ॲ" तर देवनागरी आकड्यांच्याही पुढे आहे, म्हणजे ॲ ने सुरू होणारी पुस्तकं ह च्याही खाली, यादीच्या तळाला. क्ष आणि ज्ञ जोडाक्षरं म्हणून क आणि ज मध्ये जातात, काहींना तेच बरोबर वाटतं, काहींना शेवटी हवे असतात, ते कडीपत्ताताईंसारख्यांनी ठरवावं.

आयसीयू ही भाषांचे नियम सांभाळणारी लायब्ररी हायकूमध्ये आहेच, तिच्याकडून मराठीचा क्रम मिळतो. पण इथे एक खड्डा आहे. आपला क्रम एसक्यूएलाइटमध्ये स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) म्हणून नोंदवला आणि टेबलात वापरला, तर तीच फाइल दुसऱ्या मशीनवर साध्या टूलमध्ये उघडून क्रम लावायला गेलं की "असं कोलेशन नाही" म्हणून अडते. फाइल कुठेही उघडावी म्हणून तर एसक्यूएलाइट घेतोय. शिवाय आयसीयूची आवृत्ती बदलली आणि क्रम थोडा सरकला तर त्यावर बांधलेला इंडेक्स चुकीचा होतो. त्यापेक्षा एक वेगळा रकाना ठेवा, त्यात क्रम-किल्ली काढून साठवा, आणि त्या रकान्यावर साधा क्रम लावा. बिघडलं तर रकाना परत भरायचा, बस.

हापूसचोर
आयसीयूमध्ये मराठी आहे हे वाचून आधी दचकलो, मग कळलं लायब्ररी आहे 😄

वेताळटेकडी
मोडीवालांचा शोधाचा मुद्दा बीएफएसलाही लागू आहे, तिथली क्वेरी पण बाइट जुळवते. मी माझा हट्ट पूर्ण सोडत नाही पण. सुतारपक्षी, खरा डेटा एसक्यूएलाइटमध्ये ठेवा, आणि प्रोग्राममधून प्रत्येक पुस्तकाची एक छोटी फाइल गुणधर्मांसकट बनवत राहा, नुसती दाखवण्यासाठी. बाईंना ट्रॅकरमध्ये "आज परत यायची पुस्तकं" अशी क्वेरी डेस्कटॉपवर ठेवता येईल, ती आपोआप ताजी राहील. डेटाबेसमधून त्या फाइली कधीही परत बनवता येतील म्हणजे हरवल्या तरी फिकीर नाही. हायकूवर आहोत तर हायकूसारखं काहीतरी दिसू द्या.

पाणचक्की
हे मला एकदम मान्य. एकच दिशा ठेवा मात्र, डेटाबेसकडून फाइलींकडे. उलट दिशेने काही वाचायचं नाही. बीओएसमध्ये सुरुवातीला फाइल सिस्टिम आणि डेटाबेस दोघंही खरे होते, म्हणूनच तो घोळ झाला होता, तुम्हीच वर लिहिलंय.

सुतारपक्षी
सगळ्यांचे मनापासून आभार. एसक्यूएलाइट नक्की केलं. शोधासाठी एफटीएस५ आत्ता घेतच नाही, दहा हजार ओळींत साधं लाइक (तुकडा जुळवून शोध) चालवून बघितलं, ह्या नेटबुकवरही टाइप करता करता निकाल येतो. मोडीवालांचं एकरूपीकरण मात्र पहिल्या दिवसापासून, शीर्षक आणि लेखक दोन्हींना, मूळ जसं टाइप केलं तसं वेगळ्या रकान्यात. वेताळटेकडींची "आज परत यायची" क्वेरी दुसऱ्या टप्प्यात, कल्पना बाईंना सांगितली तर त्यांनी लगेच विचारलं कधी होईल.

आता एकच शंका. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू करू का? सगळीकडे लिहितात वेगवान आहे म्हणून.

पाणचक्की
तुमच्याकडे गरज नाही. वॉलचा फायदा वाचणारे अनेक आणि लिहिणारा एक असतो तेव्हा. त्याला मेमरीत मॅप केलेली सामायिक फाइल लागते, म्हणजे ओएसकडून आणखी एक मागणी वाढली. अगदी हवाच असेल तर लॉकिंग मोड एक्स्क्लुझिव्ह करून चालवा, मग ती सामायिक मेमरी लागत नाही. पण जुना रोलबॅक जर्नल (बदलाआधीचं जपून ठेवणारा) आणि सिंक्रोनस फुल (लिहिलेलं डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं), जे मुळातच सुरू असतं, तेच राहू द्या. एका देवघेवीला क्षणभर जास्त लागेल, कोणाला कळणार नाही. पुस्तक देणं हे एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही) घाला, तिन्ही टेबलं त्यात.

आणि बॅकअप घेताना प्रोग्राम चालू असताना फाइल नुसती ओढून पेनड्राइव्हवर टाकू नका. व्हॅक्यूम इनटू नावाची कमांड आहे, ती चालू डेटाबेसची स्वच्छ प्रत दुसऱ्या फाइलमध्ये काढते. प्रोग्राममध्ये "बॅकअप" असं एक मोठं बटण द्या आणि त्याच्यामागे हे लावा, सोबत टेक्स्ट फाइलही त्याच बटणात.

कडीपत्ता
आणि पेनड्राइव्ह वाचनालयात ठेवू नका, बाईंच्या घरी. दोन ठेवा, आलटून पालटून. सभासदांचे फोन नंबर असतील त्यात, तेवढं बघा.

सुतारपक्षी
करतो. ताई, दोन प्रश्न तुम्हाला. बाद केलेल्या पुस्तकांच्या कारणांची यादी तुमच्याकडे कशी असायची? गहाळ, जीर्ण, आणि अजून काय? आणि एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर दाखल क्रमांक चार वेगळे ना?

कडीपत्ता
चार वेगळे, प्रतीला क्रमांक असतो, पुस्तकाला नाही. म्हणजे तुम्हाला दोन टेबलं लागतील, एक पुस्तकांचं आणि एक प्रतींचं. कारणं आमच्याकडे होती गहाळ, जीर्ण, वाळवी, सभासदाने हरवून किंमत भरली, आणि कार्यकारिणीच्या ठरावाने बाद. शेवटच्यासाठी ठरावाची तारीख आणि क्रमांक लिहायला जागा ठेवा.